विणलेल्या रंगीत खेळण्यातून पांढरा भराव का दिसतो? कारणे आणि उपाय

बाळासाठी विणलेले रंगीत खेळणे सुयांवर असताना अगदी छान दिसते, परंतु त्यात भराव भरला की टाक्याटाक्यांतून पांढरा फायबर डोकावू लागतो, दोन रंग जिथे भेटतात तिथे कडेला भोक दिसते आणि खेळणे हाताने दाबले की ते भोक आणखी रुंदावते. नव्याने दोन सुयांचे विणकाम शिकलेल्यांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि ती करणारी व्यक्ती बहुधा असे गृहीत धरते की आपला हात अजून बसलेला नाही, सरावाने हे सुधारेल. माझ्या मते हे निदान चुकीचे आहे. वर्षानुवर्षे स्वेटर विणणारी व्यक्तीदेखील स्वेटरच्याच सुया घेऊन खेळणे विणायला बसली तर तिलाही हाच अनुभव येईल, कारण दोष हाताचा कमी आणि सुईच्या जाडीचा अधिक असतो.

पुढील विवेचन हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक खेळणे समोर ठेवू. सहा रंगांचा सुरवंट हा नवशिक्यांसाठी सर्वांत सोयीचा प्रकार आहे. सुईवर ४० टाके घालावेत, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट या क्रमाने प्रत्येक रंगाच्या १६ ओळी विणाव्यात, म्हणजे ९६ ओळींची एक लांब पट्टी तयार होते. तिच्या लांबीकडच्या दोन कडा एकमेकींना शिवल्या की नळी होते, नळीत भराव भरला आणि प्रत्येक रंगाच्या सांध्यावर दोरा ओवून आवळला की सहा गोल पेरांचा सुरवंट तयार होतो. शेवटचे टोक सोडले तर टाके वाढवण्या-घटवण्याचा प्रश्नच येत नाही. (पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर दिसणाऱ्या केसाळ सुरवंटांच्या आठवणीने घरातील एखाद्या आजींना ही कल्पना पसंत पडत नाही, अशा वेळी तोंड न काढता त्याला आगगाडी म्हणून द्यावे, विणकामात काहीही फरक पडत नाही.)

मूळ कारण: अंगावरच्या कपड्याची वीण आणि खेळण्याची वीण

लोकरीच्या गुंड्यावरील कागदी पट्टीवर सुईचा जो आकार छापलेला असतो, तो स्वेटर, टोपी, शाल अशा वस्तू डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. अंगावर घालायचे विणकाम मऊ पडावे, ओघळावे आणि ताणले जावे अशी अपेक्षा असते, म्हणून त्यात टाक्यांमध्ये थोडी मोकळीक मुद्दाम ठेवली जाते. सर्वसाधारण डबल निटिंग जाडीच्या लोकरीसाठी ४ मिलिमीटरची सुई सुचवलेली असते आणि तिच्यावर १० सेंटिमीटर रुंदीत सुमारे २२ टाके व तेवढ्याच उंचीत सुमारे २८ ओळी बसतात. हेच विणकाम नळीसारखे शिवून आतून भरले की भराव त्याला सर्व बाजूंनी बाहेर ढकलतो, एरवी मिटलेली दिसणारी टाक्यांमधील जागा उघडते आणि आतील पांढरा फायबर दिसू लागतो. गडद निळा, लाल किंवा काळा रंग असेल तर ते अधिकच डोळ्यांत भरते. पिवळ्या किंवा मोतिया रंगाच्या पट्ट्यात तेवढेच सैल विणकाम सहज खपून जाते. म्हणूनच अनेकांना वाटते की एका विशिष्ट रंगाची लोकर वाईट निघाली, प्रत्यक्षात सगळेच पट्टे सारखेच सैल असतात.

उपाय साधा आहे. गुंड्यावर ४ मिलिमीटर लिहिले असेल तर खेळण्यासाठी ३ किंवा फार तर ३.२५ मिलिमीटरची सुई घ्यावी. या सुईवर त्याच लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये साधारण २६ ते २८ टाके बसतात, विणलेली पट्टी हातात थोडी ताठ लागते, आणि ती ताठ लागली म्हणजे आपण योग्य वाटेवर आहोत असे समजावे. सुई बदलल्याने खेळण्याचा आकारही बदलतो याची मात्र पूर्वकल्पना असावी: वर सांगितलेला ९६ ओळींचा सुरवंट ४ मिलिमीटरच्या सुईवर सुमारे ३४ सेंटिमीटर लांब होतो, तर ३ मिलिमीटरच्या सुईवर तो सुमारे २७ सेंटिमीटर भरतो. बाळाच्या दृष्टीने लहान आकारच बरा, तेव्हा या कारणासाठी ओळी वाढवण्याची घाई करू नये.

बारीक सुईवर हात दुखतो, टाके पुढे सरकत नाहीत, अशी तक्रार यानंतर हमखास येते. याचे कारण बहुतेक वेळा असे असते की टाका सुईच्या निमुळत्या टोकावरच तयार करून तिथेच आवळला जातो आणि मग तो सुईच्या जाड भागावर सरकताना अडतो. प्रत्येक टाका सुईच्या पूर्ण जाडीच्या भागावर नेऊनच दोरा ओढावा. घट्टपणा सुईच्या जाडीतून यायला हवा, बोटांच्या जोरातून नव्हे, आणि हे एकदा लक्षात आले की बारीक सुईचा त्रास बराच कमी होतो.

सुईच्या क्रमांकाचा घोटाळा

योग्य सुई घेतली तरी काम बिघडते, असे सांगणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांच्या हातात मुळात चुकीची सुई असते. आपल्याकडील दुकानांत सुया अजूनही जुन्या ब्रिटिश क्रमांकाने मागितल्या जातात, आणि त्या पद्धतीत क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ११ नंबर म्हणजे ३ मिलिमीटर. अमेरिकी पद्धत नेमकी उलटी आहे, तिथे क्रमांक वाढला की जाडी वाढते. इंटरनेटवरील एखाद्या अमेरिकी नमुन्यात ३ नंबरची सुई सांगितलेली असते तेव्हा तिचा अर्थ ३.२५ मिलिमीटर असा असतो. परंतु तोच ३ नंबर आपण इथल्या दुकानात मागितला आणि दुकानदाराकडे तो असला, तर हातात येणारी सुई ६.५ मिलिमीटरची, म्हणजे बरोबर दुप्पट जाड असते. ६ नंबरच्या बाबतीत फरक कमी असल्याने फसगत लवकर कळतही नाही: अमेरिकी ६ नंबर ४ मिलिमीटरचा असतो आणि ब्रिटिश ६ नंबर ५ मिलिमीटरचा.

म्हणून नमुना कोणत्याही देशातील असो, सुईचा आकार मिलिमीटरमध्ये काढावा आणि दुकानातही मिलिमीटरच पाहून घ्यावेत. घरातील जुन्या सुयांवरील आकडे पुसलेले असतील तर भोके पाडलेली मोजपट्टी मिळते, तिच्यातून सुई घालून पाहावी. सुई ज्या लहानात लहान भोकातून न अडकता आरपार जाते, तो तिचा आकार. आजीच्या किंवा सासूबाईंच्या डब्यातील सुया वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे जोडीतील दोन्ही सुया एकाच जाडीच्या आहेत का. वेगवेगळ्या जोड्यांतील उरलेल्या सुया एकत्र ठेवलेल्या असतात आणि डोळ्यांना पाव मिलिमीटरचा फरक दिसत नाही.

विणण्यापूर्वीची तपासणी

खेळण्याला नमुन्याचा तुकडा कशाला विणायचा, ते कुठे अंगाला बसवायचे आहे, असा युक्तिवाद पुष्कळ जण करतात. मापासाठी त्याची गरज नाही हे खरे आहे, परंतु विणीच्या दाटपणासाठी ती आहे. २४ टाके घालून २४ ओळींचा छोटा चौकोन विणावा, आणि तोही ज्या रंगाची सर्वांत जास्त भीती वाटते त्या गडद रंगात विणावा. त्याच्या मागे भरावाचा पांढरा गोळा ठेवून चौकोनाच्या कडा मागच्या बाजूला चिमटीत धराव्यात आणि खेळणे भरल्यावर जितका ताण येईल तितका ताण द्यावा. हातभर अंतरावरून पांढरे ठिपके दिसले तर सुई पाव मिलिमीटरने बारीक करावी आणि पुन्हा पाहावे. या कामाला एखादी संध्याकाळ जाते, पण ९६ ओळी उसवण्यापेक्षा ती परवडते.

याच तुकड्यावर आणखी दोन दोष सापडू शकतात.

पहिला असा की तुकड्याच्या उलट बाजूला ओळींच्या जोड्या दिसतात, दोन ओळी जवळ आणि मग थोडी फट, पुन्हा दोन ओळी जवळ आणि फट. याचा अर्थ उलट विणलेल्या ओळी सुलट ओळींपेक्षा सैल होत आहेत. उलट टाका विणताना दोरा किंचित जास्त वापरला जातो, त्यामुळे अनुभवी हातांकडूनही हे होते, आणि साध्या स्वेटरमध्ये त्याने फारसे बिघडत नाही. भरलेल्या खेळण्यात मात्र प्रत्येक सैल ओळीतून भराव दिसतो. यावर एक सुंदर युक्ती आहे. टाक्याचा आकार उजव्या हातातील सुईने ठरतो आणि सरळ दोन सुयांवर विणताना सुया प्रत्येक ओळीला हात बदलतात, म्हणजे सुलट ओळ नेहमी एकाच सुईवर तयार होते आणि उलट ओळ नेहमी दुसऱ्या सुईवर. तेव्हा जाणूनबुजून एक सुई ३.२५ मिलिमीटरची आणि दुसरी ३ मिलिमीटरची घ्यावी आणि उलट ओळ बारीक सुईवर येईल अशी सुरुवात करावी. वर ज्या बेजोड सुयांबद्दल सावध केले, त्याच इथे उपयोगी पडतात, फक्त कोणती सुई कोणती हे माहीत असले पाहिजे. बारीक सुईच्या टोपीला रंगीत दोरा बांधून ठेवला तर गोंधळ होत नाही.

दुसरा दोष पिळलेल्या टाक्यांचा. सुलट बाजूने पाहिले असता टाक्याचे दोन पाय खाली एकमेकांवर फुली मारून गेलेले दिसतात. दोरा सुईवर उलट्या दिशेने गुंडाळला गेला किंवा टाका मागच्या पायातून विणला गेला की असे होते. एका ओळीआड पिळलेले टाके असतील तर बहुधा उलट ओळीतील दोऱ्याची गुंडाळण्याची दिशा बदललेली असते. खेळण्यापुरते बोलायचे तर हा दोष वाटतो तितका गंभीर नाही, कारण पिळलेला टाका साध्या टाक्यापेक्षा अधिक घट्ट बसतो आणि काही विणणारे खेळण्यांसाठी तो मुद्दाम वापरतात. फक्त अर्ध्या सुरवंटात टाके पिळलेले आणि अर्ध्यात सरळ असे होऊ देऊ नये, कारण एक पेर सडपातळ आणि शेजारचे फुगीर दिसते.

तुकड्याच्या कडा गुंडाळल्या जातात, हाही प्रश्न याच टप्प्यावर विचारला जातो. एक ओळ सुलट व एक ओळ उलट या विणीच्या कडा स्वभावतःच वळतात. त्या शिवणीत जाणार असल्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही. त्या सपाट करण्यासाठी अॅक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री मात्र कदापि फिरवू नये, कारण उष्णतेने अॅक्रिलिकचे तंतू कायमचे चपटे होतात, वीण लुळी पडते आणि जी घट्ट वीण मिळवण्यासाठी एवढा खटाटोप केला तीच नाहीशी होते.

पट्टी आधीच विणून झाली असेल तर

सगळ्यांनाच हा मजकूर विणण्याआधी वाचायला मिळतो असे नाही. सहाही रंग विणून झाले आहेत, बारसे तोंडावर आले आहे आणि भराव दिसतो आहे, अशा स्थितीत उसवण्यावाचूनही मार्ग आहे. जुन्या, स्वच्छ धुतलेल्या टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची विणलेल्या नळीच्या मापाची आतली पिशवी शिवावी आणि भराव थेट नळीत न घालता या पिशवीत भरावा. पिशवी शक्यतो मधल्या छटेच्या रंगाची असावी, राखाडी किंवा फिका निळा रंग सहा रंगांमागे सहसा मिसळून जातो. मलमलीची पिशवी चालते, पण ती ताणली जात नसल्याने थोडी सैल शिवावी लागते. सांध्यावर दोरा आवळताना तो विणीबरोबर आतल्या कापडातूनही ओवावा, म्हणजे पेरे जागच्या जागी राहतात आणि भराव एका टोकाला सरकत नाही. खरे सांगायचे तर गडद रंग वापरणाऱ्यांनी वीण घट्ट असली तरी अशी पिशवी घालावी असे माझे मत झाले आहे, कारण विणीचा एखादा टाका पुढे तुटला तरी भराव बाळाच्या हाती लागत नाही.

भराव कमी करून प्रश्न सुटतो का? थोडाफार सुटतो. नवशिक्यांचा कल खेळणे दगडासारखे गच्च भरण्याकडे असतो, आणि त्यामुळे चांगली वीणही ताणली जाते. परंतु फार कमी भरलेला सुरवंट चार दिवसांत चपटा होतो, तेव्हा बोटाने दाबले असता खड्डा पडून लगेच भरून यावा इतपत भरणे योग्य.

भरावासाठी गादीवाल्याकडचा कापूस वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. कापसाचे धुतल्यावर गोळे होतात, तो आतून वाळायला वेळ घेतो आणि कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात त्याला ओलसर वास धरतो. उशांसाठी मिळणारा पॉलिस्टरचा फायबर चांगला, मात्र तो मूठभर एकदम न कोंबता बोटांनी पिंजून लहान लहान पुंजक्यांनी भरावा. एकदम कोंबलेल्या गोळ्याची कड विणीवर उमटते आणि नेमकी तिथेच टाके उघडतात.

रंगाच्या सांध्यावरची भोके

भराव दिसण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे रंगबदलाची जागा. इथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. नवा रंग घेताना दोन्ही दोरे एकमेकांत पिळावेत, नाहीतर भोक पडते, हा सल्ला सर्वत्र दिला जातो, परंतु तो एकाच ओळीच्या मध्यावर रंग बदलणाऱ्या चित्रविणीसाठी आहे. आपल्या सुरवंटात संपूर्ण ओळ एका रंगाची असल्यामुळे रंग कडेलाच बदलतो आणि तिथे पिळण्याने काहीच साधत नाही. कडेचा टाका सैल पडतो त्याचे कारण असे की नव्या दोऱ्याचे टोक अजून कशालाच बांधलेले नसते आणि जुन्या दोऱ्याचे टोकही मोकळे सुटलेले असते, त्यामुळे पुढचे टाके विणताना दोघांचाही शेवटचा टाका त्यांच्यातून दोरा ओढून घेतो.

म्हणून जुना दोरा तोडताना आणि नवा घेताना प्रत्येकी सुमारे २५ सेंटिमीटरचे टोक सोडावे, पाच-सहा टाके विणून झाल्यावर दोन्ही टोके हलकेच ओढून कडेचे टाके शेजारच्या टाक्यांइतके करावेत आणि तात्पुरती एक अर्धी गाठ मारून ठेवावी. २५ सेंटिमीटर ही लांबी उधळपट्टी वाटेल, परंतु याच टोकाने पुढे त्या त्या पट्ट्याची शिवण करायची आहे, त्यामुळे लाल पट्टा लाल दोऱ्याने आणि हिरवा हिरव्याने शिवला जातो आणि शिवण दिसत नाही. तोकडी टोके सोडणाऱ्यांना शेवटी एकाच रंगाच्या दोऱ्याने सगळी पट्टी शिवावी लागते आणि मग सुरवंटाच्या पोटावर टाचल्यासारखी रेघ दिसते.

प्रत्येक रंगाच्या ओळी सम संख्येत ठेवल्या तर सर्व टोके एकाच कडेला येतात. पंधरा किंवा सतरा ओळी झाल्या तर टोके दोन्ही कडांना विभागली जातात. त्याने वीण बिघडत नाही, पण शिवताना गोंधळ होतो. ओळी मोजण्याचे लक्षात राहत नसेल तर सुलट बाजूवरील इंग्रजी व्ही अक्षरासारखे दिसणारे टाके एका रांगेत खालून वर मोजावेत. टाकेही प्रत्येक रंगाच्या शेवटी मोजावेत, ते ४० च असले पाहिजेत. ४१ किंवा ४२ झाले असतील तर बहुधा ओळीच्या सुरुवातीला दोरा सुईवरून मागे ओढला गेला आहे, त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर येतात आणि ते दोन टाके समजून विणले जातात. ३९ झाले असतील तर गळलेला टाका शोधावा आणि क्रोशाच्या सुईने शिडीच्या आडव्या दोऱ्यांतून एकेक पायरी वर आणावा.

काही जणांना सगळ्या ओळी सुलट विणण्याची सवय असते, त्यांच्या पट्ट्यांच्या सांध्यावर दोन रंगांचे ठिपके मिसळलेली तुटक रेघ दिसते. त्या विणीत रंग नेहमी एकाच बाजूच्या ओळीला बदलावा, म्हणजे ठिपक्यांची बाजू आत जाते. एक सुलट व एक उलट ओळ या विणीत ठिपके आपोआपच मागे राहतात, तिथे ही काळजी करावी लागत नाही.

शिवण, टोके आणि आवळलेले सांधे

शिवण वरून टाके घालून केली तर भरल्यावर ती फाकते आणि तिथूनही भराव दिसतो. दोन्ही कडा सुलट बाजू वर ठेवून शेजारी शेजारी मांडाव्यात, कडेच्या टाक्याच्या आत प्रत्येक ओळीला एक आडवा दोरा असतो तो एकदा या बाजूचा आणि एकदा त्या बाजूचा असा सुईने उचलत जावे आणि दर तीन-चार टाक्यांनी दोरा ओढून घ्यावा. दोन्ही कडा मिटून शिवण आत जाते. दोन्ही कडा एकाच पट्टीच्या असल्यामुळे आडव्या दोऱ्यांची संख्या सारखीच असते, म्हणून रंगाचे सांधे समोरासमोर आलेच पाहिजेत. ते एका ओळीने सरकले असतील तर कुठेतरी एक आडवा दोरा सुटला आहे, पुढे रेटून न नेता तेवढे उसवावे.

तोंडाच्या टोकाला शेवटचे टाके नेहमीप्रमाणे बंद करू नयेत, त्याने मध्ये मोठे भोक राहते. शेवटची उलट ओळ झाल्यावर पूर्ण ओळभर दोन दोन टाके एकत्र सुलट विणावेत, म्हणजे २० टाके उरतात. एक ओळ उलट विणून पुन्हा दोन दोन एकत्र करावेत, १० उरतात. मग दोरा तोडून तो या दहा टाक्यांतून दोनदा ओवून आवळावा. एकदाच ओवलेला दोरा वापराने सैल होतो. सुरुवातीच्या कडेला घातलेल्या टाक्यांपैकी एक सोडून एक असे उचलत दोरा ओवावा आणि आवळल्यावर उरलेले छोटे तोंड आडव्या-उभ्या टाक्यांनी शिवून टाकावे.

रंगाच्या सांध्यांवर आवळण्यासाठी तीच लोकर दुहेरी घ्यावी. शिवणयंत्राचा बारीक आणि कडक दोरा मजबूत असतो हे खरे, पण तो आवळताना टाक्यांमध्ये रुततो आणि त्यांना कापत जातो. दोरा सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीचा गळा उरेल इतपत ओढावा, दोन फेरे घ्यावेत, दोन वेळा उलटसुलट गाठ मारावी आणि उरलेली टोके सुईने पोटात खोलवर ओवून मगच कापावीत. अॅक्रिलिक गुळगुळीत असल्यामुळे नुसती गाठ त्यावर टिकत नाही. प्रत्येक गळा भरावाच्या पुढच्या टप्प्याआधी आवळत गेले तर भराव सर्व पेरांत सारखा राहतो. सगळे भरून मग आवळणाऱ्यांच्या सुरवंटाचे मधले पेर नेहमी जास्त फुगते.

बाळाच्या तोंडात काय जाईल

बाळ खेळण्याशी पहिली ओळख तोंडाने करून घेते, त्यामुळे भोकांतून दिसणारा भराव ही केवळ शोभेची अडचण राहत नाही. भारतात २०२१ च्या १ जानेवारीपासून विक्रीच्या खेळण्यांना भारतीय मानकांप्रमाणे प्रमाणित असण्याचे बंधन आहे. घरी विणून दिलेल्या भेटीला त्यातून जावे लागत नसले तरी त्या तपासणीतील एक कसोटी घरातही लावता येते: तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातून सुटू शकणारा कोणताही भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये. बटणांचे डोळे, मणी, प्लॅस्टिकचे मागून चाप लावायचे डोळे, टिकल्या, हे सगळे त्या नळकांड्यात सहज मावते. डोळे व हसू काळ्या लोकरीने भरून काढावे, आणि तेही भराव घालण्यापूर्वी, म्हणजे गाठी आत राहतात. आपल्याकडे बाळाच्या वस्तूला घुंगरू लावण्याची हौस फार असते. ती पायातल्या वाळ्यांपुरती ठेवावी, सुरवंटाला लावू नये. लोकरीचा गोंडाही नको, त्याचे तुकडे ओढल्यावर सुटतात.

लोकर निवडताना ती दोन बोटांत घासून व चिमटीने ओढून पाहावी. तंतू हातात येत असतील तर ती लोकर, रंग कितीही मोहक असला तरी, बाजूला ठेवावी. केसाळ आणि जरीची लोकर तर नकोच. लाल, जांभळा आणि गडद निळा या रंगांचा सुती दोरा असेल तर ओल्या पांढऱ्या कापडात अर्धा तास दाबून ठेवावा. अॅक्रिलिकचा रंग सहसा जात नाही, तरी पांढऱ्या पट्ट्याशेजारी लाल पट्टा ठेवणार असाल तर हीच परीक्षा त्याचीही घ्यावी.

हा सुरवंट दोरीने पाळण्यावर टांगण्यासाठी नाही हे भेट देताना बाळाच्या आईला स्पष्ट सांगावे. चिमणाळे बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच बांधलेले असते, विणलेले खेळणे मात्र ओढण्यासाठीच असते आणि लांब दोरी गळ्याभोवती येऊ शकते. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ कोणतेही मऊ खेळणे ठेवू नये, म्हणून तो जागेपणीच हातात द्यावा.

देण्यापूर्वी तो एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि टोकाने न टांगता आडवा ठेवून वाळवावा. ही धुलाई स्वच्छतेइतकीच तपासणीसाठी आहे: कच्ची गाठ, न ओवलेले टोक किंवा सैल सांधा असेल तर तो पहिल्या धुण्यातच उघडा पडतो आणि आपल्याच घरी असताना दुरुस्त करता येतो. वाळल्यावर प्रत्येक पेर दोन्ही हातांनी धरून विरुद्ध दिशेला ओढून पाहावे.

दिवस कमी असतील तर सहाऐवजी चारच रंग विणावेत; ६४ ओळींचा, सुमारे १८ सेंटिमीटरचा सुरवंट उलट हलका होतो. पाच सेंटिमीटर जाडीचे पेर तान्ह्या मुठीत मावत नाही, बाळ धरते ते दोन पेरांमधल्या आवळलेल्या गळ्याला, तेव्हा वेळेअभावी कुठे हात आखडता घ्यायचाच असेल तर रंगांच्या संख्येत घ्यावा, गळ्यांच्या दोन फेऱ्यांत घेऊ नये.